बेडूक नको, बकऱ्याचं हृदय चालेल: आठवीच्या वर्गात विच्छेदन कसं करावं

मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे: "वर्गात ५४ मुलं आहेत आणि रक्ताभिसरणाचा धडा आहे. आम्ही कॉलेजात बेडूक कापायचो, आता ते बंद झालं. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय आणून वर्गात कापून दाखवलं, तर कायद्यात अडकेन का? पालक काय म्हणतील? आणि कापायचं नेमकं कुठून? एका सहकाऱ्यांनी गेल्या वर्षी करून पाहिलं, पण हृदय उघडल्यावर मुलांना काहीच ओळखू आलं नाही."

बाई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून खरं उत्तर तिथूनच देतो. कायदा आणि पालक या दोन्ही गोष्टी नीट सांभाळता येतात. हृदय उघडल्यावर काहीच न दिसणं ही मात्र सर्रास होणारी गोष्ट आहे आणि तिची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, हृदय दुकानातच चिरलं गेलेलं असतं. दोन, "आता आपण हृदयाचे भाग पाहू" एवढ्यावरच कापायला सुरुवात होते, कशाचं उत्तर शोधायचं आहे ते ठरलेलंच नसतं. मग मांसाचा लगदा, चरबी आणि रक्ताच्या गुठळ्या यांत पुस्तकातली लाल-निळी आकृती शोधत मुलं बसतात, आणि ती तिथे नसते.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: पुस्तकं, प्रतिकृती, फिल्म यांनी काम भागत असेल तिथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, आणि केवळ हात साफ व्हावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ साली ते थांबवायला सांगितलं. बेडकांचा प्रश्न वन्यजीवांच्या संरक्षणाचाही आहे. शेतातली कीड खाणारे बेडूक लाखोंनी मारले जाऊ लागले, म्हणून त्यांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली. तेव्हा वर्गासाठी जिवंत प्राणी पकडणं, विकत आणणं किंवा मारणं हा विषय तिथेच संपतो. त्यात बाजारातला जिवंत खेकडाही आला.

खाण्यासाठी कापलेल्या बकऱ्याचं हृदय परवानाधारक दुकानातून आणून उघडणं हा जिवंत प्राण्यावरचा प्रयोग नाही. त्या प्राण्याला तुमच्या धड्यासाठी मारलेलं नाही. घ्यायचं मात्र बकऱ्याचंच. गोवंशाबद्दल महाराष्ट्रात २०१५ पासून कडक कायदा आहे, आणि ट्रेमधला अवयव कोणत्या जनावराचा हे शाळेला सिद्ध करत बसावं लागू नये. दुकानाची पावती जपून ठेवा. हे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात बंधनकारक नसल्यामुळे मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. तोंडी "करा की" यावर जाऊ नका.

बेडूक गेला याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बेडकाच्या हृदयाला कप्पे तीन, माणसाच्या हृदयाला चार. आठवीच्या धड्यासाठी बकऱ्याचं चार कप्प्यांचं हृदय त्याच्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. मुलांना फक्त भागांची नावं यायला हवी असतील, तर हृदय आणूच नका. चांगली प्रतिकृती आणि फळ्यावरची आकृती हे काम अधिक स्वच्छ करतात. खरं हृदय तीन गोष्टींसाठी आणायचं: भिंतींच्या जाडीतला फरक, झडप कशी मिटते, आणि रक्तवाहिनीची भिंत हाताला कशी लागते. या तीन गोष्टी कोणत्याही पडद्यावर कळत नाहीत. आणि त्यातलाही एकच प्रश्न तासाचा मुख्य प्रश्न करा. माझा आग्रह या प्रश्नाचा असतो: डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा इतकी जाड का? (अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, निलय म्हणजे खालचा. काही पुस्तकांत अलिंदाला कर्णिका आणि निलयाला जवनिका म्हटलेलं असतं. वर्गात एकच जोडी वापरा.) कापण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत अंदाज लिहायचा. बरीच मुलं लिहितील, "डावीकडे रक्त जास्त असतं म्हणून." हा गैरसमज बाहेर काढण्यासाठीच हा खटाटोप आहे. दोन्ही बाजू दर ठोक्याला जवळपास सारखंच रक्त ढकलतात, मोठ्या माणसात सुमारे ७० मिलिलीटर. फरक दाबाचा आहे. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पोचवायचं असतं, तिथला वरचा दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपास असतो. डाव्याला सगळ्या शरीरात रक्त पाठवायचं असतं, तिथे १२० च्या आसपास.

आता दुकान. धडा फसतो तो बहुधा इथेच. मटणवाला हृदय देताना सवयीने त्याला उभी चीर देतो, रक्त दाबून काढतो आणि वरच्या नळ्या चरबीसकट छाटून टाकतो, कारण गिऱ्हाईकाला शिजवायला तेच हवं असतं. नेमकी त्या नळ्यांच्या मुळाशी अर्धचंद्राकृती झडपा असतात. त्या गेल्या की अर्धा धडा गेला. म्हणून दोन दिवस आधी जाऊन सांगून ठेवा: "शाळेसाठी अख्खं दिल हवंय, चीर न देता, वरच्या नळ्या आणि चरबी तशीच ठेवून." काळीज मागू नका, हातात कलेजी पडेल. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फोपशासकट जोडलेलं हृदय मागणं. मग सुरी नळ्यांपर्यंत पोचतच नाही, हृदयाभोवतीचं पातळ आवरण शाबूत मिळतं, आणि हृदय फुप्फुसांच्या मधे कसं बसलेलं असतं हेही मुलांना दिसतं. रविवारी जाऊ नका, दुकानदाराला बोलायला उसंत नसते. कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा. मांसविक्री बंद असण्याचे दिवस आधी विचारून घ्या, आणि श्रावण व गणपतीचे दिवस टाळा. त्या काळात पालकांकडून नकार जास्त येतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

घेताना तिथेच तपासा. बकऱ्याचं हृदय साधारण १०० ते १५० ग्रॅमचं असतं. ते तळहातावर ठेवून चारही बाजूंनी पाहा, कुठे चीर आहे का. वर जाड, पांढरट, दाबल्यावर गोल आकार न सोडणारी नळी दिसली पाहिजे. ती महाधमनी, म्हणजे डाव्या निलयातून शरीरभर रक्त नेणारी मुख्य नळी. तिचा निदान दोन-तीन सेंटिमीटर तुकडा हवा.

मुंबईच्या हवेत मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात हृदय आणि तो डबा बर्फ घातलेल्या मोठ्या डब्यात, असं आणा. हृदय थेट बर्फाच्या पाण्यात तरंगू देऊ नका. आदल्या दिवशी आणायचं असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठून सुटलेला स्नायू मऊ पडतो आणि पातळ झडपा हात लावला की फाटतात. शिक्षकांच्या खोलीतल्या, डबे ठेवायच्या फ्रिजमध्ये तर नकोच.

तासाच्या अर्धा तास आधी हृदय धुवायचं. हे काम चुकवू नका. कप्प्यांत गुठळ्या बसलेल्या असतात आणि त्या झडपांना अर्धवट उघडं धरून ठेवतात. वरच्या नळ्यांतून नळाची बारीक धार सोडा, हलक्या हाताने दाबून पाणी बाहेर काढा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. गुठळी अडकली तर बोथट चिमट्याने काढा. ओढून झडपेचे धागे तोडू नका.

साहित्य साधं आहे: स्टीलची थाळी, भाजी चिरायचा पाट, गोल टोकाची कात्री, बोथट चिमटे, विणकामाची बोथट सुई, सुई नसलेली ५० मिलिलीटरची सिरिंज, पाण्याचं भांडं, नायट्रिलचे हातमोजे. धारदार सुरी एकच आणि ती तुमच्याच हातात. आठवीच्या मुलांना स्काल्पेल (शस्त्रक्रियेची बारीक सुरी) देऊ नका. पकडायला गुळगुळीत, ओल्या मांसावरून घसरतं, आणि इथे त्याची गरजही नाही.

५४ मुलांसाठी पहिल्याच खेपेला दहा हृदयं आणायला जाऊ नका. तेवढी अख्खी मिळणंही कठीण. एक तुमच्यासाठी आणि दोन-तीन मुलांनी हाताळण्यासाठी, इतकी पुरे. तुमच्या थाळीवर मोबाईल स्टँडला लावून प्रोजेक्टरवर जोडला तर मागच्या बाकालाही झडप दिसते. ३५ मिनिटांचा एक तास पुरत नाही, जोडतास मागून घ्या. दाखवायला २५ मिनिटं, मुलांच्या हाताला २०, आणि आवराआवरीला १५ मिनिटं ठेवाच.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पाच मिनिटं काहीही कापायचं नाही. हृदय हातात घेऊन बाजू ओळखायच्या. वर दोन सुरकुतलेल्या, मऊ पिशव्या दिसतात, ते अलिंदांचे कोपरे. पुढच्या बाजूने चरबी भरलेली एक खाच तिरपी खाली उतरते. दोन निलयांमधला पडदा तिच्या मागे आहे. त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून पाहा. घट्ट लागेल ती डावी बाजू, दबेल ती उजवी. खालचं टोक डाव्या निलयाचं असतं. हृदयाची पुढची बाजू आपल्याकडे असेल, तर त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. मुलं इथे हमखास गोंधळतात, म्हणून फळ्यावर बाण काढून ठेवा. त्याच खाचेतून बारीक रक्तवाहिन्या जातात. त्या हृदयाच्या स्वतःच्या, आणि हार्ट ॲटॅकचं मूळ त्यांतच असतं. एवढं सांगून पुढे चला.

मग पाण्याची परीक्षा, तीही कापण्याआधी. महाधमनीची कड चिमट्याने वर धरा आणि सिरिंजने आत हळू पाणी सोडा. झडप मिटते आणि पाणी नळीत उभं राहतं. महाधमनीच्या बाजूला फांदीचं भोक असेल तर ते चिमटीत बंद करा, नाहीतर पाणी तिथूनच निघून जाईल. थोड्या वेळाने पातळी हळूहळू उतरू लागते आणि मुलं लगेच म्हणतात, "झडप गळतेय." ती गळत नाही. झडपेच्या अगदी वर महाधमनीच्या भिंतीत दोन छोटी तोंडं असतात, तिथून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या निघतात. पाणी त्यांतून आत झिरपतं. संपूर्ण तासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी जागा ही आहे, कारण हृदय आतल्या रक्तावर जगत नाही, त्याला स्वतःचा वेगळा पुरवठा लागतो, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं. पातळी मात्र एकदम कोसळली, तर झडप दुकानातच कापली गेली आहे किंवा गुठळी अडकली आहे. पुन्हा धुवून पाहा. तरी तसंच झालं तर दुसरं हृदय घ्या.

तुमच्या सहकाऱ्यांनी हृदय वरून खाली उभं चिरलं असावं. आकृती तशी असते, म्हणून सगळे तसंच करतात. पण मऊ हृदयात उभा छेद सरळ जात नाही. तो पडद्यातून तिरका जातो, झडपेच्या मधून जातो, आणि कप्पे ओळखू येत नाहीत. म्हणून पहिला छेद आडवा घ्या. टोकापासून साधारण अडीच ते तीन सेंटिमीटरवर, धारदार सुरीने, एकाच ओढीत. करवतीसारखी सुरी पुढे-मागे केली की कड फाटते. खालचा तुकडा उलटा करून मोबाईलखाली धरा. डाव्या निलयाची गोल पोकळी आणि तिच्याभोवती जाड भिंत. उजव्या निलयाची चंद्रकोरीच्या आकाराची पोकळी आणि पातळ भिंत. ठळक फरक, जवळपास तिप्पट जाडीचा. मुलांना पट्टीने मोजू द्या आणि वहीतला स्वतःचा अंदाज तपासू द्या. या एका छेदाने मुख्य प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि वरच्या सगळ्या झडपा शाबूत राहतात.

आता वरचा भाग हातात घ्या. खालून डाव्या निलयात बोथट सुई सरकवा आणि ती कुठून बाहेर येईल ते मुलांना आधी सांगायला लावा. महाधमनीतून आली तर रक्ताची पुढची वाट सापडली. अलिंदातून आली तर ती मागची वाट. उजव्या निलयातून तेच करा, तिथे फुप्फुस धमनी आणि उजवं अलिंद. रक्ताचा मार्ग पाठ करण्यापेक्षा हे दहापट पक्कं बसतं. सुईला जोर लावू नका, अडली तर मागे घेऊन दिशा बदला.

मग तोच भाग उलटा धरा, कापलेलं तोंड वर. एका हाताने महाधमनी घट्ट दाबा आणि डाव्या निलयात पाणी ओता. डावं अलिंद आणि डावा निलय यांच्या मधल्या द्विदली झडपेचे पापुद्रे फुगतात, एकमेकांना भिडतात आणि पाणी अलिंदात जायचं थांबतं. आता महाधमनीवरची पकड सोडा. पाणी तिथून वाहून जातं. निलय आकुंचन पावतो तेव्हा हेच घडतं: मागचं दार बंद, पुढचं उघडं. मेलेल्या हृदयाचे स्नायू सैल असतात, म्हणून थोडं पाणी अलिंदाकडे ठिबकेल. तेही मुलांना आधीच सांगून टाका. ही कृती आदल्या दिवशी घरी मोरीत एकदा करून पाहा, हाताला वळण लागतं.

उभा छेद सगळ्यात शेवटी. कापलेल्या कडेपासून वर, डाव्या निलयाच्या बाहेरच्या भिंतीवरून कात्री अलिंदापर्यंत न्या आणि भिंत बाजूला करा. आता पांढरे, चिवट धागे दिसतील. एक टोक झडपेच्या पापुद्र्याला, दुसरं भिंतीतून उगवलेल्या स्नायूच्या गाठीला. चिमट्याने धागा उचलून मुलांना ओढू द्या. सहज तुटत नाही. जोराच्या वाऱ्यात छत्री उलटी होते तशी झडप अलिंदाकडे उलटी होऊ नये, म्हणून हे धागे आहेत. ते झडप उघडत किंवा मिटत नाहीत, ते काम रक्ताचा दाब करतो. बऱ्याच मुलांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं, तेव्हा इथे थांबून विचारा. उजवा निलय उघडलात तर पडद्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत गेलेला एक आडवा पट्टा दिसेल. बकरी-मेंढीत तो ठळक असतो. मुलं तो दाखवून "हे काय?" विचारतील, म्हणून सांगून ठेवतो: हृदयाचा ठोका पसरवणाऱ्या तंतूंची एक फांदी त्यातून जाते. शेवटी महाधमनी उभी चिरून सपाट करा. खिशाच्या आकाराचे तीन पापुद्रे आणि त्यांच्या वर ती दोन तोंडं, जिथून मघाशी पाणी झिरपत होतं.

थोडक्यात क्रम असा: आधी बोटांनी चाचपणं, मग पाणी, मग आडवा छेद, मग सुई आणि पुन्हा पाणी, सगळ्यात शेवटी उभा छेद. हा क्रम बदलला की आधीचं काहीतरी हातातून जातं.

रंगाबद्दल आधीच बोलून घ्या. हृदय तपकिरी-लाल असतं, शिरा निळ्या नसतात. आकृतीतला निळा रंग ही खूण आहे, हे न सांगितल्यास मुलं तासभर निळं शोधत राहतात.

पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या आणि तिच्यात काय आणणार, कुठून आणणार, मूल हात लावणार की फक्त बघणार हे स्पष्ट लिहा. मुंबईच्या वर्गात जैन, वैष्णव, माळकरी घरांतली मुलं असतात, आणि मांसाहारी घरातलंही एखादं मूल नको म्हणू शकतं. कारण विचारू नका. सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका. नको म्हणणाऱ्या मुलांना दिलेलं काम भरतीचं नको, तेही विच्छेदनच असू द्या. जास्वंदीचं फूल उत्तम. निदलपुंज (फुलाखालची हिरवी वाटी) आणि पाकळ्या सोडवल्या की पुंकेसरांची नळी मिळते. ती नखाने उभी उकलली की आतून जाणारी कुक्षीवृंताची दांडी दिसते, वर पाच टोकं आणि खाली अंडाशय. अंडाशयाचा आडवा छेद ब्लेडने तुम्ही घेऊन द्या. भिंगातून पाच कप्पे मोजता येतात. गुण दोन्ही गटांना सारखे. त्यांना हृदयाचा धडा प्रतिकृतीवरून स्वतंत्र शिकवा, प्रश्न तेच ठेवा.

एखाद्या मुलाला चक्कर येऊ शकते, कधी कधी सगळ्यात उत्साही मुलाला. म्हणून मुलं बसलेली हवीत, खाऊन आलेली हवीत, खिडक्या उघड्या हव्यात. चेहरा पांढरा पडला की तिथेच आडवं करून पाय वर उचला. हातावर जखम असलेल्या मुलाने हाताळायचं नाही. फोपसं आणलंत तर श्वासनलिकेत तोंडाने हवा कधीही भरू नका, सायकलचा पंप वापरा. बकऱ्याचा गळा चिरताना श्वासनलिकेत रक्त ओढलं जातं, म्हणून फुप्फुसावर लाल चट्टे दिसतात, ते आजाराचे असतीलच असं नाही. पण फुप्फुसावर किंवा कलेजीवर पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसले, तर तो अवयव वापरू नका, फोड फोडू नका. ते फीतकृमीचे असू शकतात.

प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या बरण्यांत फॉर्मॅलिनमधले नमुने असतील, तर ते बाहेर काढून हाताळायला देण्याचा मोह टाळा. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि बंद वर्गात त्याच्या वाफेने डोळे-घसा जळतो. बरणी बंदच ठेवून काचेतून दाखवा.

आवरताना उरलेलं मांस सिंकमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो आणि वास आठवडाभर जात नाही. कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत बांधून त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात द्या, किंवा दुकानदाराच्या कचऱ्यात परत न्या. शाळेबाहेरच्या कुत्र्यांना घालू नका. वर सांगितलेल्या फीतकृमीचं चक्र कच्च्या अवयवांतून कुत्र्यात आणि कुत्र्याकडून माणसात असंच चालू राहतं. बाकं आणि हत्यारं आधी साबणाने धुवा, मग एका भागाला नऊ भाग पाणी घातलेलं घरगुती ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवा आणि पुसून घ्या. साबणाआधी ब्लीच लावलं तर चरबीवर ते काम करत नाही. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ते कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. कात्र्या नंतर साध्या पाण्याने धुवून लगेच कोरड्या करा, नाहीतर गंजतात. हातमोजे घातलेले असले तरी सगळ्यांनी हात साबणाने धुवायचे. फोटो काढाच, पण पालकांना चिठ्ठी मिळाली आहे याची खात्री होईपर्यंत ते वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका.

पुढे दहावीला भिंगांचा धडा आला की याच दुकानातून बकऱ्याचे डोळे आणता येतील. त्यात एकच सावधगिरी: मुंडी भाजण्याआधीचे डोळे मागा. केस जाळायला मुंडी आगीवर धरली की पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पांढरं पडतं आणि आत काही दिसत नाही. डोळा उघडायला पारपटल आणि डोळ्यामागून निघणारी चेता (मज्जातंतू) यांच्या मधे कडेने छोटं भोक पाडून कात्रीने गोल फिरवा. आतलं पाणी पिचकारीसारखं उडतं, म्हणून गॉगल हवा. भिंग वर्तमानपत्रावर ठेवलं की अक्षरं मोठी दिसतात. बर्फात गार झालेलं भिंग धूसर दिसू शकतं, तळहातावर थोडं कोमट होऊ द्या. मागच्या पडद्यावर चमकणारा निळा-हिरवा थर दिसेल, तो माणसाच्या डोळ्यात नसतो. माशांचे कल्ले दाखवायचे असतील तर बांगडा स्वस्त आणि सोपा. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बर्फातला जुना बांगडा पोटाकडून फुटतो, कल्लेही तपकिरी पडलेले असतात. ते ऑगस्टनंतर करा.

आणि इतकं सांगूनही ऐन सकाळी चीर दिलेलं हृदय हातात पडलं, तर तास रद्द करू नका. पाण्याची परीक्षा सोडून द्या, चीर टाळून टोकाकडचा आडवा छेद घ्या आणि भिंती मोजायला द्या. मुख्य प्रश्नाचं उत्तर त्यातूनही मिळतं. झडपांसाठी पुढच्या आठवड्यात फोपशासकट एकच हृदय मागवून घ्या.